हॉर्न वाजला नव्हता

‘हॉर्न वाजला नाही, की तुम्हाला ऐकू आला नाही?’

आरोपीच्या वकिलांनी हे विचारलं तेव्हा ते अंबादासकडे बघतही नव्हते. कोटाच्या टोकानं चष्मा पुसत होते. कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या कोर्टातली ती खोली, वर कुरकुरणारा पंखा, साक्षीदाराच्या पिंजऱ्याचं शेकडो तळव्यांनी गुळगुळीत झालेलं लाकूड आणि त्या लाकडावर ठेवलेला स्वतःचाच उजवा हात, हे सगळं अंबादासला पुढं कितीतरी दिवस दिसत राहिलं. त्यानं उत्तर दिलं, ‘वाजला नाही.’ मॅजिस्ट्रेटनी ते लिहून घेतलं. वकिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, ‘एवढंच विचारायचं होतं.’ पण प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये आवंढा गिळण्याइतका वेळ गेला होता. कोर्टाबाहेर येऊन सायकलचं कुलूप काढताना अंबादासच्या मनात आलं, हा आवंढा आपण कशासाठी गिळला? खरं बोलणाऱ्याला थांबावं लागतं का?

प्रकरण तसं साधं होतं. सव्वा वर्षापूर्वी, एका सकाळी साडेनऊच्या सुमारास, लक्ष्मीपुरीतल्या एका वळणावर गुळाच्या ढेपांनी भरलेल्या ट्रकनं गणपतराव नावाच्या एका निवृत्त शिक्षकाला उडवलं. गणपतराव गिरणीतून जोंधळ्याचं दळण घेऊन रस्ता ओलांडत होते. अंबादास सांगवडेकर, वय त्रेचाळीस, एका हायस्कूलचा हेडक्लार्क, त्याच वेळी सायकलवरून शाळेला निघाला होता. दहा-पंधरा पावलांवरून त्यानं सगळं पाहिलं. रस्त्यावर पीठ सांडलं होतं आणि त्या पांढऱ्या पिठात चाकाचे पट्टे उमटले होते. पट्टे संपत होते तिथं गणपतरावांची एक चप्पल सरळ, नीट ठेवल्यासारखी पडली होती. पोलिसांनी नाव-पत्ता लिहून घेतला. अंबादासनं सांगितलं, ट्रक वेगात होता, वळणावर हॉर्न दिला नाही. हे सांगताना त्याला क्षणभरही थांबावं लागलं नव्हतं. मग खटला उभा राहायला वर्ष गेलं आणि त्या वर्षभरात त्याला त्या हॉर्नची आठवणसुद्धा झाली नव्हती.

कोर्टातून तो परत शाळेत आला. दुपारी दोन दाखले लिहायचे होते. पहिल्या दाखल्यावर जन्मतारीख लिहिताना बाहेर रस्त्यावर एका ट्रकनं हॉर्न दिला, लांबलचक, शेवटी घोगरा होत जाणारा. अंबादासचा टाक थांबला. असा आवाज होता का त्या दिवशी? त्यानं डोळे मिटून ती सकाळ समोर आणली. सायकल, गिरणी, पांढरे केस, निळा ट्रक. ट्रक येतो. आवाज येत नाही. पुन्हा आणली. ट्रक येतो, आणि या खेपेला अगदी शेवटी, चाकं पिठात शिरायच्या आधी, एक घोगरा हॉर्न वाजतो. तो दचकून बसला. हा आत्ता ऐकलेला हॉर्न तिथं गेला, की तिथं होताच आणि आपण तो आजवर दाबून ठेवला होता? खिडकीतून शिपाई कृष्णात विचारत होता, ‘साहेब, चा आनू?’ त्याच्याकडेही अंबादासनं संशयानं बघितलं. याला काही कळलं का?

एप्रिलमध्ये निकाल लागला. ट्रक ड्रायव्हर पिराजी, राहणार कागलच्या पुढची एक वाडी, सहा महिने सक्तमजुरी. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. त्यातली एक अशी : आरोपीने वळणावर हॉर्न दिला नसल्याचे प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सांगितले. अंबादासनं ती ओळ स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली आणि बायकोला विचारलं, ‘मीनाक्षी, अपघात झाला त्या दिवशी मी घरी येऊन तुला काय सांगितलं होतं?’

मीनाक्षी भेंडी चिरत होती. ‘हॉर्नसुद्धा दिला नाही मेल्यानं, असं म्हणालात.’

‘अस्संच म्हणालो?’

‘अस्संच.’

त्याच्या छातीतून काहीतरी उतरलं. खोली उजळल्यासारखी वाटली. तो अंगणात जाऊन उभा राहिला, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलला. आत आला तोवर भेंडी चिरून झाली नव्हती आणि त्याला वाटू लागलं होतं, ही इतक्या पटकन कशी बोलली? दीड वर्षापूर्वीचं वाक्य कुणाला शब्दाला शब्द आठवतं? निकाल तिनंही वाचलाच असणार. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलली असेल. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, पण या वेळी ‘मेल्यानं’ हा शब्द गाळला. तो शब्द का गळला, याचा विचार करत तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

मग ते रोजचंच झालं. सकाळी चहाच्या वेळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा, जेवताना दोनदा. मीनाक्षी सांगायची. सांगताना तिचे डोळे पोळपाटावर, पिशवीत, खिडकीबाहेर कुठंही असायचे. अंबादास तिच्या चेहऱ्यावरचं खोटं शोधायचा आणि खोटं सापडलं नाही की आणखी घाबरायचा. त्या सहा महिन्यांत तो रोज कॅलेंडरकडे बघायचा. कळंब्याच्या तुरुंगात आज एका माणसाचा अमुकावा दिवस, आणि तो आपल्या एका शब्दानं तिथं आहे. शब्द खरा असेल तर ठीक. पण तो खरा असल्याची खूण काय? वाजलेल्या आवाजाची आठवण राहते. न वाजलेल्या आवाजाची आठवण कशी असते? ती तर नुसती मोकळी जागा. तिथं कुणी काहीही आणून ठेवावं.

एका रविवारी तो त्या वळणावर गेला. गिरणी चालू होती. अपघाताच्या दिवशी चालू होती का? पीठ ताजं होतं म्हणजे चालू असणार. गिरणीच्या आवाजात हॉर्न बुडतो का, हे त्याला बघायचं होतं. तो गिरणीच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा हॉर्न मोजू लागला. रिक्षा ऐकू आली. सिटी बस ऐकू आली. एक ट्रक आला, त्याचा ड्रायव्हर हॉर्नवर हात आपटताना दिसला, पण आवाज आधी ऐकू आला की हात आधी दिसला, हे अंबादासला सांगता येईना. तासाभरानं गिरणीवाला बाहेर आला, अंगभर पिठानं पांढरा. ‘काय पावणं, कुनाची वाट बघाय लागलाईसा?’ अंबादास म्हणाला, कुणाची नाही. पुढच्या रविवारी गिरणीवाल्यानं त्याला लांबूनच ओळखलं आणि दारातल्या बायकांना काहीतरी सांगितलं. त्या बायका वळून बघू लागल्या. अंबादासला वाटलं, यांना माहीत आहे. या इथंच असतात, यांनी हॉर्न ऐकला असणार, आणि खोटी साक्ष देणारा हाच तो, असं त्या एकमेकींना सांगत असणार. त्यांना विचारायचं धाडस मात्र त्याला झालं नाही. त्यांनी ‘वाजला होता’ म्हटलं असतं तर?

संशय एका जागी थांबला नाही. ओल जशी भिंतीतून सरकत जाते तसा तो मागं मागं सरकत गेला. दाखल्यावर आपण खरी तारीख लिहिली का, म्हणून तो शाळा सुटल्यावर जनरल रजिस्टर पुन्हा उघडायचा, एकदा, मग तीनदा, मग सात वेळा. एका संध्याकाळी रजिस्टर बंद करताना त्याला कुरुंदवाडचं जुनं घर आठवलं आणि शालूबाई आठवली. शालूबाई त्यांच्याकडे भांडी घासायला यायची. अंबादास नऊ वर्षांचा असताना घरातली चांदीची वाटी हरवली. शालूबाईला फडताळात हात घालताना मी पाहिलं, असं त्यानं वडिलांना सांगितलं आणि त्यांनी तिला त्याच दिवशी काढून टाकलं. ती दारात उभी राहून म्हणाली होती, ‘बाळ, तू बगितलंस?’ महिन्यानं वाटी देव्हाऱ्यामागं सापडली. ही आठवण त्याच्याकडे कायमच होती, अंगावरच्या जुन्या वणासारखी, सवयीची. आता ती ठणकू लागली. म्हणजे आपण लहानपणापासूनच न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणारे आहोत. त्यानं बसनं कुरुंदवाड गाठलं आणि म्हाताऱ्या आईला विचारलं. आई कानानं कमी झाली होती. तिनं दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, ‘तू कुठं सांगितलंस? तू तर तापानं फणफणून माजघरात पडला होतास. शालूबाईला तुझ्या आत्यानं घालवलं.’ चौतीस वर्षं बाळगलेला गुन्हा आपला नव्हता? की म्हातारीच विसरली? दारातली शालूबाई त्याला स्वच्छ दिसत होती, तिच्या लुगड्याचा ओला ओचासुद्धा. हे जर घडलंच नसेल, तर पिठातले चाकाचे पट्टे तरी घडले कशावरून?

ऑक्टोबरअखेर पिराजी सुटला. दिवाळीनंतर अंबादास कागलची बस पकडून पुढं दोन मैल चालत त्याच्या वाडीला गेला. वाटेत त्यानं मनाशी वाक्यं जुळवली होती. पिराजी दारात बसून बैलाच्या वेसणीला दोर वळत होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, गाल बसलेला माणूस. त्यानं अंबादासला लगेच ओळखलं. उठला नाही, पण घोंगडं सरकवलं.

‘बसा. साक्षीदार न्हवं तुमी?’

जुळवलेलं एकही वाक्य अंबादासला आठवलं नाही. ‘पिराजी, मला एकच सांगा. त्या दिवशी तुम्ही हॉर्न वाजवला होता का?’

पिराजीनं दोर वळता वळता हात थांबवला. ‘न्हाई. वाजनार कुठनं? वायरच तुटल्याली. आठ दीस मालकाला सांगत हुतो. त्येच सांच्याला मालकानं जोडून घेटली, आरटीओचं साहेब गाडी तपासाय यायच्या आदी.’

‘मग कोर्टात वाजवला म्हणून सांगितलंत ते?’

‘वकील म्हनला, वाजीवला म्हन. म्हनलो.’ दोराला पीळ देत तो पुढं म्हणाला, ‘म्हातारं माज्या चाकाखाली आलं. हॉर्न असता तर वाचलं असतं का न्हाई, ठावं न्हाई. जेलात लई इचार केला. आता करत न्हाई.’

अंबादासला रडू आलं. त्यानं पिराजीचे दोन्ही हात धरले. चिमणाबाईनं, पिराजीच्या बायकोनं, घरातून गुळाचा चहा आणून ठेवला. परतीच्या बसमध्ये खिडकीतून उसाची शेतं मागं जात होती आणि अंबादासला पोरकट हसू फुटत होतं. खुद्द आरोपीनंच सांगितलं, आता आणखी काय हवं? बस कोल्हापुरात शिरायच्या आत त्याला पहिली शंका आली. पिराजी इतका शांत कसा? ज्याच्यामुळं तुरुंगात गेलो तो माणूस दारात आला तर कोण चहा पाजतं? भेदरलेला चेहरा बघून त्याला कीव आली असेल. ‘वाजीवला’ म्हटलं तर हा माणूस विहिरीत उडी टाकेल, असं वाटून तो खोटं बोलला असेल. घरी पोचेपर्यंत दुसरी शंका आली होती : तो ‘वायर तुटल्याली’ म्हणाला, की आपण तसं ऐकलं?

तो पुन्हा गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेला खिशातून वहीचा कागद काढून म्हणाला, ‘एवढं लिहून द्या.’ पिराजी चौथी शिकलेला होता. त्यानं मोठ्या, तुटक अक्षरांत लिहिलं : मी त्या दिवशी हारन वाजिवला न्हवता. पिराजी. अंबादासनं तो कागद पाकिटात ठेवला आणि दिवसातून वीस वेळा काढून वाचू लागला. घड्यांवर कागद फाटायला आला. मग एके दिवशी शाळेत टेबलाशी बसल्या बसल्या त्यानं दुसऱ्या कागदावर डाव्या हातानं तेच वाक्य लिहून बघितलं. अक्षर जवळजवळ तसंच आलं. म्हणजे तो पहिला कागदही आपणच लिहिला नाही कशावरून?

चौथ्या खेपेला चिमणाबाईनं त्याला उंबऱ्यातच अडवलं. ‘का छळताईसा ओ? त्येनं भोगलं न्हवं? आता काय फासावर द्यायचाय?’ पिराजीनं तिला आत जायला सांगितलं आणि तो अंबादासबरोबर वाडीच्या वेशीपर्यंत चालत आला. तिथं थांबून म्हणाला, ‘साहेब, म्या सा म्हैनं भोगलं आन सुटलो. तुमी कवा सुटनार?’

पिराजी वेशीच्या दगडाला टेकला आणि पुढं सांगू लागला.

‘माज्या मेव्हणीला हात धुवायचं येड हुतं. कातडं जायस्तवर धुवायची. देवरशी झालं, अंगारं झालं. मग राजारामपुरीत येक डाक्टरीन बाई हाय, तिच्याकडं न्हेली. आता मानसात हाय. तुमचं हातातलं न्हाई, डोसक्यातलं धुवायचं चाललंय बगा. जावा तिच्याकडं. आन हिकडं येऊ नगासा. आलासा तर पानी दीन, पर बोलनार न्हाई.’

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर, डॉ. कालिंदी नेर्लीकर अशी पाटी होती आणि खाली ‘मनोविकारतज्ज्ञ’. अंबादास त्या गल्लीतून तीनदा सायकल हाणत गेला आणि वर चढला नाही. शाळेतलं कुणी बघितलं तर हेडक्लार्कला वेड लागलं म्हणतील, आणि मग वेड्याच्या साक्षीवर माणूस तुरुंगात गेला असंही म्हणतील. शेवटी मीनाक्षी बरोबर आली. साड्या बघायला आल्यासारखी दुकानाशी थांबली आणि त्याला पुढं करून मागून जिना चढली. डॉक्टरीण तिशीची होती, बेळगावकडची, बंगळूरला शिकून आलेली. तिनं टोपण काढलेलं पेन बघून अंबादास म्हणाला, ‘हे पोलिसांना कळवावं लागतं का?’

‘नाही,’ ती म्हणाली आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

तो तासभर बोलला. वळण, पीठ, गिरणी, वाटी, कागद. ती मध्ये मध्ये फक्त विचारायची, ‘दिवसातून किती वेळा?’ किंवा ‘मग किती वेळ बरं वाटलं?’ सगळं सांगून झाल्यावर त्यानं पुढं वाकून विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं डॉक्टर? वाजला असेल?’

‘मला माहीत नाही. मी तिथं नव्हते.’

‘पण हे सगळं ऐकून?’

‘ऐकूनही माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं.’

अंबादासला राग आला. इतक्या लांबून, लाज गिळून यायचं ते यासाठी? ती शांतपणे म्हणाली, ‘सांगवडेकर, वर्षभरात तुम्हाला किती जणांनी सांगितलं? मिसेसनी शेकडो वेळा सांगितलं असेल. ड्रायव्हरनं तोंडी सांगितलं, लेखी दिलं. एकाचं तरी पुरलं का? मग माझं किती पुरणार, जिना उतरेपर्यंत? जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणतात. तुमची आठवण बिघडलेली नाही. तुम्ही तिला इतक्या वेळा तपासायला काढलंय की तिच्यावर आता तुमचेच ठसे आहेत. आजार आठवणीत नाही, तपासण्यात आहे.’

तिनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडेल, पहिले तीन-चार आठवडे काहीच फरक वाटणार नाही, असं सांगितलं. आणि दोन कामं दिली. एक मीनाक्षीला : त्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, ‘डॉक्टरांनी मना केलंय’ एवढंच म्हणायचं. दुसरं त्याला : रोज सकाळी अर्धा तास बसून एकच वाक्य मोठ्यानं म्हणायचं, ‘माझी साक्ष चुकीची असू शकेल आणि मला ते कधीच कळणार नाही.’ म्हणून झालं की कुणाला विचारायचं नाही, वळणावर जायचं नाही, मनातल्या मनात ती सकाळ पुन्हा लावायची नाही.

‘हे तर मला मारायचं औषध झालं,’ अंबादास म्हणाला.

‘पहिले काही दिवस तसंच वाटेल,’ ती म्हणाली.

तसंच वाटलं. ते वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं म्हणताना त्याचे दात वाजत होते. त्याला वाटत होतं, ही बाई आपल्याकडून कबुलीजबाब वदवून घेतेय. कदाचित त्या वकिलांची नात्यातली असेल. शेजारी ऐकत असतील म्हणून तो खिडकी लावायचा, मग लावलेल्या खिडकीमुळंच शेजाऱ्यांना संशय येईल म्हणून उघडायचा. गोळ्यांनी जीभ चामड्यासारखी झाली. आणि मीनाक्षी उत्तर देईना. आठव्या की नवव्या दिवशी तो तिच्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. ‘एक वाक्य सांगायला तुझं काय जातं? वर्षभर सांगत होतीस ना?’

मीनाक्षी परातीत पीठ मळत होती. ती थांबली. हाताला चिकटलेलं पीठ काढत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही घरी येऊन काय म्हणालात ते मला आठवत नाही.’

‘म्हणजे?’

‘तुम्ही आलात, पांढरे पडला होतात, एवढं आठवतंय. मी पाणी दिलं. काय बोललात ते आठवत नाही. पहिल्यांदा विचारलंत तेव्हा पेपर समोर होता, त्यातलंच मी सांगितलं. तुम्हाला बरं वाटलं. मग तेच सांगत राहिले.’ आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. ‘मला वाटायचं, उद्या तरी विचारायचे नाहीत. वर्षभर मी तुमच्याशी दुसरं काही बोललेलेच नाही हो. माझं गर्भाशयाचं दुखणं निघालं, डॉक्टरकडं एकटी जाऊन आले, ते तरी तुम्हाला माहीत आहे का?’

अंबादास पाटावर बसला. संशय खरा निघाला होता. ज्या खांबाला धरून तो वर्षभर लोंबकळत होता तो खांब नव्हताच. आता काहीतरी कोसळेल म्हणून तो वाट बघत राहिला. नळाला पाणी आल्याचा आवाज येत होता. मीनाक्षी उठून घागर लावून आली. काही कोसळलं नाही. मग त्यानं विचारलं, ‘दुखणं कसलं?’ तिनं सांगितलं. सांगायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात त्याला मध्ये दोन-तीनदा वळण दिसलं, पण तिचं बोलणं चालू होतं आणि ते त्याला ऐकायचं होतं.

त्यानंतर एकदम बरं झालं असं नाही. उलट पुढचा महिना वाईट गेला. तो एकदा चोरून गिरणीपर्यंत गेला आणि डॉक्टरणीला ते सांगितलं. तिनं रागावण्याऐवजी वहीत टिपलं : सतरा दिवसांत एकदा. मीनाक्षीच्या ऑपरेशनसाठी तो मिरजेला आठ दिवस तिच्या उशाशी होता. तिथं सकाळचं वाक्य म्हणायला जागा नव्हती म्हणून व्हरांड्यात फेऱ्या घालत म्हणायचा. एका सकाळी ते म्हणता म्हणता त्याला चक्क कंटाळा आला. भीती नव्हे, कंटाळा. पाढे म्हणताना येतो तसा. तो हे सांगायला राजारामपुरीला गेला तेव्हा डॉक्टरीण पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, ‘आता तो कागद.’ पाकिटातून पिराजीचा कागद काढायला त्याला पाच मिनिटं लागली. फाडायला त्याहून जास्त. तुकडे टोपलीत टाकल्यावर तो तिथंच घाम पुसत बसला आणि म्हणाला, ‘तुम्ही नंतर ते जोडून वाचणार असाल.’ ‘वाचेनही,’ ती म्हणाली. त्याला तिचा संशय यायचा थांबला नव्हता. फक्त तो येऊनही आता तो पुढच्या आठवड्यात जिना चढायचा.

वर्ष उलटलं. गोळ्या निम्म्यावर आल्या. दाखला लिहिला की तो एकदा वाचायचा आणि सहीला पाठवायचा. हॉर्न कधी ऐकू यायचा, कधी नाही. आला तरी अंबादास सायकल थांबवत नसे.

मार्चमध्ये शाळेत वेगळंच घडलं. नववीच्या गणिताच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा हरवला. तो तपासायला एका जुन्या मास्तरांकडे जायचा होता. मास्तर म्हणाले, माझ्याकडे आलाच नाही. कृष्णात शिपाई म्हणाला, म्या टेबलावर नेऊन ठेवला. मास्तरांची संस्थेत ओळख होती, कृष्णातची कुणाशीच नव्हती. गुरुवारी दुपारी हेडमास्तरांच्या खोलीत दोघांना उभं केलं होतं आणि कृष्णातच्या नोकरीवर आलं होतं. अंबादास फाईल घेऊन आत गेला आणि हे ऐकून दारातच थांबला. सोमवारी मधल्या सुट्टीआधी त्यानं कृष्णातला शिक्षकखोलीत जाताना पाहिलं होतं, काखेत सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन. बाहेर आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते.

लगेच ते सुरू झालं. सोमवारच होता का? गठ्ठा होता की हजेरीपटांची चळत? कृष्णातची दया येऊन तू हे रचतोयस. तुला सवयच आहे. फाईल टेबलावर ठेवून निघून जाता आलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. कृष्णात त्याच्याकडे बघतही नव्हता, जमिनीकडे बघत होता.

‘सर, मी पाहिलंय,’ अंबादास म्हणाला. ‘सोमवारी मधल्या सुट्टीआधी कृष्णात सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन शिक्षकखोलीत गेला. येताना त्याच्याकडे नव्हता.’

मास्तरांनी मान वळवली. ‘तोच गठ्ठा कशावरून? तुम्ही उघडून पाहिला होता?’

‘नाही.’

हेडमास्तर म्हणाले, ‘सांगवडेकर, एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे आणि एकाच्या अब्रूचा. तुमची नक्की खात्री आहे?’

या वेळी अंबादासनं आवंढा गिळला तो सगळ्यांना दिसला. ‘मला आठवतं ते सांगितलं,’ तो म्हणाला. ‘चूक असू शकेल. पण आठवतं ते असं. लेखी हवं असेल तर देतो.’

हेडमास्तरांनी लेखी घेतलं. त्यानं सात ओळी लिहिल्या, खाली सही केली, तारीख घातली आणि पुन्हा न वाचता कागद पुढं सरकवला. कृष्णातवरचं प्रकरण तिथंच थांबलं. मास्तरांवरही काही झालं नाही. मुलांना सहामाहीवरून गुण दिले गेले. गठ्ठा पुढं कधीच सापडला नाही.

त्या संध्याकाळी घरी येताना त्याच्या मनात तो सात ओळींचा कागद सारखा उघडत होता. सुतळी होती की फीत? काख डावी की उजवी? उत्तर न देता तो पायडल मारत राहिला. मीनाक्षी दारात उभी होती. त्यानं सायकल लावली आणि शाळेत काय झालं ते तिला सांगितलं, एकदाच. तिनं ऐकून घेतलं आणि काही विचारलं नाही. मग ती म्हणाली, चला, रंकाळ्यापर्यंत पाय मोकळे करून येऊ. तो चपला घालून निघाला. शंका सोबत होतीच. तीही चालत आली.